मे महिन्यात छपरावर कोण चढणार?

गावातलं जुनं घर विकायला काढलं की त्याची जाहिरात पेपरात येत नाही. पानठेल्यावर, सलूनमध्ये, किराणा दुकानात ती आपोआप फिरते : 'अमक्याच्या पोरानं घर काढलं म्हणे.' करडीतल्या या घराचीही तशीच फिरली, आणि घराच्या मालकांना कळायच्या आत गिऱ्हाईक दारात उभं राहिलं.

करडी मोहाडी तालुक्यात आहे, पण तालुक्याचं गाव वैनगंगेच्या पल्याड आणि करडी अल्याड. त्यामुळे इथल्या माणसाचे पाय मोहाडीपेक्षा भंडारा, तुमसर, तिरोडा यांच्याकडे जास्त वळतात. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला कोक्याचं जंगल, मधे धानाच्या बांध्या आणि तलाव. कोका अभयारण्य 2013 मध्ये जाहीर झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामील झालं. दिवाळी उलटल्यावर, कापणीच्या दिवसांत इथे आलेला शहरी माणूस गाडीतून उतरायच्या आधी फोन काढून फोटो घेतो.

मी भंडाऱ्याला वकिली करतो. घर विकायचं की ठेवायचं, हे विचारायला माझ्याकडे कोणी येत नाही. येतात ते 'कागद बघा' म्हणून, आणि कागद बघता बघता भांडण माझ्या समोर मांडलं जातं. खाली जे लिहितो आहे ते एका घरचं नाही. अशी बरीच घरं पाहून त्यांचं मी एक घर केलं आहे, आणि त्यात दोन माणसं बसवली आहेत : जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली आत्या आणि पुण्यात कंपनीत असलेला तिचा पुतण्या. घर पाच खणांचं, 1954 सालचं. हातभर जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर गावठी कवेलू. पुढे सपरी, मागे सांदवाडी, तिच्यात विहीर आणि दोन जांबाची झाडं. बाजूला कोठा, पण बैल कधीच गेले. आतल्या खोलीत धान साठवायची, शेणानं लिंपलेली बांबूची ढोली आहे. ती आतच विणली होती, त्यामुळे आता दारातून बाहेर निघत नाही. मागची भिंत दोन पावसाळ्यांत पोट काढून बसली आहे. पुतण्याचे वडील वारले, आई पुण्याला गेली, तेव्हापासून घराला कुलूप आहे.

आणि इथली पहिली गंमत अशी की ठेवायचं म्हणतो तो पुण्याचा, विकायचं म्हणते ती इथलीच.

पुतण्या : आत्या, तू या सपरीत बसून बोलते आहेस म्हणून विचारतो. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. स्लॅबच्या घरात तेव्हा रात्री बारालासुद्धा भिंत हात लावू देत नाही. इथे एका पंख्यावर भागायचं. हे पाडून आपण काय बांधणार? भट्टी?

आत्या : थंड आहे, नाही कोण म्हणतं? पण ती थंडाई फुकट नव्हती, बाबू. आठ दिवसांनी सारवण, दिवाळीच्या आधी भिंती पोतणं, पावसाच्या तोंडावर कवेलू फेरणं. तुझे आजोबा या सपरीत पान खात बसायचे, आणि घर थंड आहे म्हणून पाहुण्यांना सांगायचे. शेणाची पाटी आई उचलायची, मी उचलायची, मग तुझी आई आली तर ती. ज्यानं सारवलं नाही त्याला घराची आठवण फार गोड येते.

पुतण्या : म्हणजे मला आठवण यायचा हक्कच नाही?

आत्या : हक्क आहे ना. आठवणीला घरपट्टी लागत नाही.

पुतण्या : माणूस लावू. मजुरी देऊ. आज पैसे आहेत आपल्याकडे, आजोबांकडे नव्हते.

आत्या : लाव. फेरणारा एक माणूस मला दाखव. फाट्यावर पाय कुठे टाकायचा, कवेलू न फोडता ओळ कशी उतरवायची, फुटके कुठे लपवायचे, हे ज्यांना येत होतं ते म्हातारे झाले. त्यांची पोरं नागपुरात आहेत, नाही तर वरठीला कारखान्यात.

इथे मला माझा एक शब्द घालावा लागतो. गावठी कवेलू चाकावर घडवला जायचा आणि गावातच भाजला जायचा. पुढे साच्यातले इंग्रजी कवेलू आले, मग टिन आले, आणि कुंभाराची ती भट्टी थंडावली. आता ज्याला आपलं जुनं छप्पर टिकवायचं आहे तो कवेलू कुठून आणतो? शेजारच्या पाडलेल्या घरातून. दर उन्हाळ्यात एक छप्पर मरतं आणि त्याच्या जिवावर दुसरी दोन जगतात. हा हिशेब फार वर्षं चालणारा नाही, हे लेखापाल नसलेल्यालाही कळेल.

शिवाय माकडं. पुस्तकांत मातीच्या घराचा शत्रू म्हणून पावसाचं नाव असतं. जंगलाकाठच्या गावात तो मान वानरांच्या टोळीचा आहे. चिंचेवरून सपरीवर, सपरीवरून माळ्यावर अशी टोळी एकदा धावली की दहा-वीस कवेलू गेलेच. पहिल्या पावसात त्या भोकाखालचा फाटा भिजतो, दुसऱ्या पावसात त्याला उधई लागते, तिसऱ्या पावसात भिंतीच्या माथ्यावर पाणी उतरतं. मातीची भिंत पायथ्याशी कोरडी आणि माथ्याशी झाकलेली असेल तर माणसाच्या दोन पिढ्या काढते. माथा उघडा पडला की तिला एक श्रावण पुरतो. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला तेव्हा नदीकाठच्या गावांत जी मातीची घरं बसली ती पायथ्याकडून गेली. बंद घरं जातात ती माथ्याकडून, आणि त्यांचा पंचनामा होत नाही.

पुतण्या : बरं, मग सेवाग्रामची बापू कुटी? गांधीजी 1936 मध्ये तिथे आले. माती, बांबू, कवेलू. तीही विदर्भातच आहे, तोच पाऊस, तोच उन्हाळा. ती उभी आहे ना?

आत्या : उभी आहे, कारण तिला आश्रम आहे. रोज झाडणारं कोणी आहे, दरवर्षी लिंपणारं कोणी आहे. तिथे गांधीजी राहत नाहीत, पण माणसं राहतात. तुझ्या घरात कोण आहे? कुलूप.

पुतण्या : कुलूप काढतो म्हणतोय मी! मागची भिंत विटांची करू. बाकीच्यांना बाहेरून सिमेंटचं प्लास्टर. आत एक चांगला संडास-बाथरूम, एक छोटं स्वयंपाकघर, वायरिंग नवी. नागझिऱ्याला येणारे पर्यटक आहेत. निवास-न्याहारीची सरकारी योजना आहे. दोन खोल्या त्यांना, एक आपल्याला.

आत्या : नागझिऱ्याला येणारा माणूस सकाळी साडेपाचला फाटकावर असतो. तो पिटेझरीला उतरेल, चोरखमाऱ्याला उतरेल, फार तर कोक्याला. करडीला येऊन तो तुझ्या ढोलीचा फोटो काढेल आणि जाईल. पावसाळ्यात जंगल बंद. आणि त्याला न्याहारी कोण देईल? तू पुण्याहून?

पुतण्या : गावातली एखादी बाई...

आत्या : पहा. पुन्हा बाईच.

ती हसली नाही. तोही हसला नाही. मी प्लास्टरचा मुद्दा काढला, कारण तो कोणालाच झोंबणार नव्हता. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा म्हणजे तिच्या नाकातोंडावर हात ठेवण्यासारखं. जमिनीतून चढलेली ओल मातीतून बाहेर पडत असते. सिमेंट तिला अडवतं. बाहेरून भिंत चकचकीत दिसते आणि आतून तिचा चिखल होत जातो. एक दिवस सिमेंटचा पापुद्रा पाटीसारखा सुटून पडतो आणि लोक म्हणतात, माती कच्चीच असते. ज्यांना हे काम समजतं ते चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करतात. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात, म्हणजे देवेंद्रकुमारांनी 1976 मध्ये उभ्या केलेल्या संस्थेत, अशा घरांवर वर्षानुवर्षं काम झालं. पण ते ज्ञान गवंड्याच्या हातापर्यंत आलं नाही. करडीतला गवंडी सिमेंटची पोती मोजतो. चुन्याची घाणी त्यानं पाहिलेलीच नाही.

आणि गवंड्यालाच का नावं ठेवायची? सरकारी मोजणीत मातीची भिंत 'कच्ची', हाताने घडवलेल्या कवेलूचं छप्परही 'कच्चं'. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातून सपाटीवरच्या जिल्ह्यांत घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, ते कच्चं घर असलेल्याला किंवा घरच नसलेल्याला. ज्याच्या डोक्यावर खरंच गळकं छप्पर होतं त्याला या पैशानं कोरडी रात्र दिली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दुरुस्त करण्याजोगं मातीचं घर दुरुस्त करायला कोणी एवढे पैसे देत नाही. पाडलं तर मिळतात. गावाला त्यातून काय शिकायचं ते गाव शिकलं.

आता गिऱ्हाईक. माणूस गावातलाच, धंदेवाला. त्याला रस्त्याकाठी गोदाम हवं आहे. त्यानं घर आतून पाहिलंच नाही. फीत लावून जागा मोजली, खांबावर आणि दाराच्या चौकटीवर नख मारून साग पाहिला, आणि आकडा सांगितला. त्या आकड्याची फोड मी करून घेतली. जागेचे अमुक. लाकडाचे अमुक, पण ते गावाबाहेर न्यायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागेल, म्हणून त्यातून थोडे कमी. घराचे? घर पाडून माती उचलायला ट्रॅक्टर लागतील, त्याचा खर्च वजा. म्हणजे सत्तर वर्षांचं घर हिशेबात आलं ते वजाबाकीचं चिन्ह घेऊन. पुतण्याच्या तोंडाकडे मला त्या वेळी पाहवलं नाही.

पुतण्या : याला विकणार तू? आजोबांच्या खांबांवर नख मारणाऱ्याला?

आत्या : त्यानं नख मारलं म्हणून तुला खांब आठवले. चार वर्षं त्यांना उधई लागत होती तेव्हा नाही आठवले. आणि ऐक, मी घर जाताना पाहिलं आहे. तू नाही पाहिलं.

आत्याचं सासर पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं. गोसीखुर्द धरणाची कोनशिला 1988 मध्ये राजीव गांधींनी बसवली. पाणी अडायला पुढे वीसेक वर्षं गेली. त्या वीस वर्षांची गोष्ट आत्यानं सांगितली तेव्हा पुतण्याही गप्प ऐकत होता.

आत्या : बुडणार, बुडणार म्हणून कोणी घराला हात लावला नाही. कशाला लावायचा? भिंत पडली तर पडली. सून आली तरी न्हाणीला दार नाही, कारण गाव बुडणार. लेकरं झाली, शाळेत गेली, शिकली, तरी गाव बुडणारच होतं आणि बुडत नव्हतं. मग एकदा खरंच नोटीस आली. तेव्हा लोकांनी काय केलं माहीत आहे? स्वतःची घरं स्वतः उतरवली. आधी कवेलू, मग फाटे, मग दारं. चौकटी ट्रॅक्टरवर घालून पुनर्वसनाच्या प्लॉटवर नेल्या. माझ्या सासऱ्यांनी एक चौकट नेली, ती नव्या घरात बसेना, दार बुटकं पडलं. तरी बसवली. पुढची दहा वर्षं प्रत्येक जण त्या दारात कपाळ आपटून घेत होता. त्यांना विकायचं नव्हतं, त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. तुला गिऱ्हाईक आहे, विचारायला माणूस आहे, हो म्हणायची आणि नाही म्हणायची मुभा आहे. आणि तू करून काय राहिला? दोन्ही करत नाहीस. हे घर आता बुडिताच्या गावातल्यासारखं झालं आहे, फक्त धरण नाही.

पुतण्याला यावर उत्तर सुचलं नाही असं नाही. पण त्यानं जे काढलं ते फारच लांबचं होतं.

पुतण्या : इटलीत सिसिलीमध्ये सांबुका नावाचं गाव आहे. ओस पडत चाललं होतं. 2019 मध्ये तिथल्या नगरपालिकेनं जुनी घरं एक युरोपासून लिलावात काढली. अट एकच, तीन वर्षांत घर दुरुस्त करायचं, त्यासाठी पाच हजार युरो अनामत. जगभरातून लोक आले. आपणही तसंच विकू. कमी पैशात, पण अट घालून : घर पाडायचं नाही.

आत्या : वकीलसाहेब, चालतं का हो असं?

नाही चालत, आणि हे सांगताना मला बरं वाटलं नाही. सांबुकात अट टिकते कारण विकणारी नगरपालिका आहे, तिच्याकडे अनामत आहे, आणि मुदत आहे. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे, एकदा पूर्ण मालकी दिली की घेणाऱ्यानं ती कशी उपभोगायची यावर घातलेलं बंधन त्यानं जुमानलं नाही तरी चालतं. खरेदीखतात 'घर पाडू नये' हे वाक्य तुम्ही सोनेरी शाईनं लिहा, दुसऱ्या दिवशी जेसीबी येऊ शकतो. अट टिकते ती भाडेपट्ट्यात. मालकी आपली ठेवायची, दहा-पंधरा वर्षांसाठी घर कोणाला तरी राहायला द्यायचं, भाडं नाममात्र, पण फेरणी, सारवण, दुरुस्ती त्याच्याकडे. असा पट्टा एक वर्षाहून जास्त मुदतीचा म्हणजे नोंदणी करावी लागते. त्यात काही अवघड नाही.

आत्याला ही कल्पना लगेच पटली नाही, पण तिनं ती पहिल्यांदा नीट ऐकली. गावातल्या एका धाकट्या जोडप्याचं नाव तिच्या तोंडून निघालं. मुलगा देव्हाड्याच्या कारखान्याकडे कामाला जातो, मुलगी आशा सेविका आहे, सासरच्या एका खोलीत सहा माणसं. मग तिनंच दुसऱ्या बाजूनं कात्री लावली.

आत्या : आणि त्यांना इथे स्लॅब हवा असेल तर? तिला गॅसचा ओटा, नळ, घरातच संडास हवा असेल तर? तू म्हणशील, ढोली हलवू नका, कोनाडा बुजवू नका. गरिबाला घर देतो म्हणून त्याच्याकडून तुझं संग्रहालय झाडून घेशील.

पुतण्या : संडास-ओटा मीच करून देईन. ढोली फोडली तरी चालेल. मला एवढंच हवं आहे की मंडईच्या वेळी आलो तर या दारातून आत यावं.

मंडईचं नाव आलं तेव्हा मला त्याचं खरं म्हणणं उमगलं. कोकणात बंद घर गणपतीला उघडतं, मुंबईचा चाकरमानी आठ दिवस चूल पेटवतो आणि घराला निदान वर्षातून एकदा धूर मिळतो. झाडीपट्टीत तो मान दिवाळीनंतरच्या मंडईचा. गावोगाव मंडई, दंडार, रात्रभराचं नाटक. लेकीबाळी माहेरी, पाहुण्यांची रीघ, आणि गावात एकही सपरी रिकामी नाही. त्या एका रात्रीसाठी घर हवं असणं मूर्खपणाचं आहे असं मी म्हणणार नाही. मात्र एका रात्रीसाठी छप्पर बाराही महिने लागतं, आणि पुतण्याच्या बोलण्यात उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कुठेच नव्हते. आत्याच्या बोलण्यात फक्त तेच होते. माझं मत विचाराल तर तिचं पारडं जड. घराला मालक लागतो तो कागदावर. भिंतीला लागतो तो रोज तिथे झोपणारा माणूस, मग तो कोणाही आईबापाचा असो. पण मत विचारायला मला कोणी बोलावलं नव्हतं.

तेवढ्यात पुतण्यानं एक वाक्य टाकलं, जे त्यानं टाकायला नको होतं.

पुतण्या : शेवटी वाडवडिलांचं घर आहे, आत्या. तुझं सासर झालं, तुला तेवढं नाही वाटणार.

आत्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली. "सांगा याला, साहेब."

सांगण्यासारखं होतं, आणि ते बऱ्याच शिकलेल्या माणसांनाही माहीत नसतं. लोक समजतात की मुलींना हक्क मिळाला तो 2005 मध्ये. वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः समान वाटा, तो त्या वर्षीच्या कायदादुरुस्तीनं 9 सप्टेंबर 2005 पासून मिळाला, आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी त्यातल्या शंका मिटवल्या. पण हे घर आजोबांनी स्वतःच्या कमाईनं बांधलेलं. ते मृत्युपत्र न करता 1984 मध्ये वारले. अशा मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंच दिलेला आहे. आजी गेल्यावर आत्या, पुतण्याचे मोठेबाबा (मोठे काका) आणि त्याचे वडील या तिन्ही भावंडांचा तिसरा-तिसरा हिस्सा झाला. आत्याचा हिस्सा पुतण्याच्या एकट्याच्या हिश्श्याहून मोठा आहे, कारण त्याच्या वडिलांचा तिसरा भाग त्याच्यात, त्याच्या आईत आणि बहिणीत वाटला गेला.

मग आत्यानं मागितला का नाही? कारण त्याच कायद्यात तेविसावं कलम होतं. कुटुंबाच्या राहत्या घरात मुलगी वारस असली तरी पुरुष वारस जोवर वाटणी करत नाहीत तोवर तिला वाटणी मागता येत नव्हती. राहायचा अधिकार होता, तोही ती अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. संसार नीट चाललेल्या लेकीला बापाच्या घरात कायद्यानं एक कोपरासुद्धा मागता येत नव्हता. हे कलम 2005 च्या दुरुस्तीनं गेलं.

आत्या : म्हणजे एकोणपन्नास वर्षं कायदा लेकींना म्हणत होता, घर तुझं आहे पण मागू नकोस. भाऊ म्हणत होते, माहेर आहे ना तुझं, ये-जा कर. आता तू म्हणतोस, तुला तेवढं वाटणार नाही. मला वाटायचं ते मी वाटून घेतलं, बाबू, सारवताना. आता मला माझे पैसे हवेत. माझ्या नातीला नर्सिंगला घालायचं आहे. तुला घर हवं ना? घे. माझा हिस्सा विकत घे. त्या गोदामवाल्यानं सांगितला त्याच भावानं. मी आजोबांच्या खांबांवर नखसुद्धा मारणार नाही.

कायदा तिच्या या बोलण्याच्या बाजूनं आहे, हेही मी सांगितलं. बाविसावं कलम अजून जागेवर आहे : सहवारसांपैकी एकाला आपला हिस्सा बाहेर द्यायचा असेल तर इतर वारसांना तो आधी घेण्याचा अधिकार आहे, आणि किमतीवर जमलं नाही तर न्यायालय किंमत ठरवतं. म्हणजे पुतण्या गोदामवाल्याला अडवू शकतो. पण अडवायचं तर आपल्या खिशातून.

पुतण्यानं फोनवर गणित मांडायला घेतलं. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता, आईचं औषध, आत्याचा तिसरा भाग, मोठेबाबांच्या पोरांचा तिसरा भाग; त्यांच्यातला एक हैदराबादला, त्यानं दोन वर्षांत फोनही उचललेला नाही. वर मागची भिंत, संडास, वायरिंग. मग तो म्हणाला की सगळं नाही जमणार. आत्याचा हिस्सा घेतो, मोठेबाबांच्या पोरांशी बोलतो, आणि त्या जोडप्याला पट्ट्यानं देऊ. आत्या म्हणाली, बोलून बघ, पण माझे पैसे जूनच्या आत. कॉलेजचे प्रवेश कोणासाठी थांबत नाहीत.

मी दोघांनाही थांबवलं, कारण ज्या घराची ही खरेदी-विक्री चालली होती त्याचा कागद कोणी पाहिलाच नव्हता. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, आणि तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली, ड्रोनने गावठाणं मोजून घरमालकाला मालमत्ता पत्रक आणि सनद द्यायची ती योजना. तिची पहिली चाचणी आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली होती. मोजणीच्या वेळी घराला कुलूप असेल तर हद्द दाखवायला शेजारीच उभा राहतो. आणि इथला शेजारी म्हणजे तोच गोदामवाला.

पुतण्यानं पिशवीतून नमुना आठ काढला. मालकाच्या रकान्यात अजून आजोबांचं नाव. वारले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, तरी पंचायतीच्या हिशेबी घराचे मालक तेच, आणि घरपट्टीचे थकबाकीदारही तेच.

आत्या : म्हणजे मी विकू शकत नाही आणि हा ठेवू शकत नाही.

आधी वारसांची नोंद, मग भूमी अभिलेखकडे हद्द तपासणी, मग बाकीचं. मी कागद ओढला आणि वारसांची यादी लिहायला घेतली. पुतण्यानं सांगायला सुरुवात केली : मोठेबाबा, मग माझे बाबा...

आत्या : थांब. वयानं लिहा, साहेब. मी थोरली. एक नंबरला माझं नाव.

पुतण्या : आणि घरपट्टीची थकबाकी? ती भरल्याशिवाय अर्ज घेणार नाहीत म्हणतात.

आत्या : तू भर. पावती मात्र सगळ्या वारसांच्या वतीनं घे, आणि माझा तिसरा भाग माझ्या पैशातून वळता कर. रुपया जास्त नको.